नंदू, तुझ्या लिव्हरचा आकडा

नंदू, परवा रामकुंडावर तुझा दहावा झाला. घरी आल्यावर मी तुझ्या फोटोसमोर बसून काहीतरी पुटपुटत होते, तर तुझी बायको सुमन म्हणाली, "अक्का, आता तरी त्यांच्याशी भांडू नका." मी म्हटलं, भांडत नाहीये गं, बोलतेय. "तुमच्या बोलण्यात आणि भांडण्यात आम्हाला कधी फरक कळला?" असं म्हणून ती रडायलाच लागली. मग मीही रडले. पण खरं सांगू, रडता रडताही माझ्या डोक्यात तोच प्रश्न घोळत होता. धाकट्या भावानं वाद अर्धा टाकून असं उठून जायचं असतं का रे? हरायला लागलास की "अक्का, चहा टाक" म्हणून विषय बदलायची तुझी लहानपणापासूनची खोड. ह्या वेळी तर चहाही मागितला नाहीस.

प्रश्न कुठला ते तुला माहीत आहे. तू दारू सोडली होतीस की नव्हतीस? हो किंवा नाही, एवढंच मला हवं होतं.

भेटायला येणारा प्रत्येक जण "देवमाणूस होता" म्हणतो, पोहे खातो, आणि जिना उतरताना शेजारच्याच्या कानाला लागतो. त्यांना वाटतं म्हातारीला ऐकू येत नाही. माझे गुडघे गेलेत, कान शाबूत आहेत. "लिव्हर कडक झालं होतं म्हणे. म्हणजे चालूच असणार." नंदू, मला त्यांचा राग येतो, आणि त्याहून जास्त राग ह्याचा येतो की वर्षभर मीही मनात हेच म्हणत होते.

माझा इलाज नव्हता. ज्या बाईचा जन्म वजनमापांच्या खात्यात निरीक्षक म्हणून गेला, तिच्याकडून दुसरी काय अपेक्षा करणार? कांद्याचा काटा, सोनाराचा काटा, पेट्रोलपंपाचं माप. समोरचा गोड हसला की मी जास्तच निरखून बघायची. काटा दिसला की पहिला संशय काट्यावर, मग काटा धरणाऱ्यावर, आणि तेही ठीक निघालं तर पारड्यात जे ठेवलंय त्याच्यावर. तूच चिडवायचास ना, की अक्का देवळात गेली तर घंटेचंही वजन करून येईल.

आपला चुलतभाऊ विलास, नामपूरचा, त्याचा कांद्याचा काटा मी सील केला तेव्हाचं आठवतं? सगळं घर माझ्यावर उलटलं होतं. रक्ताच्या नात्याला बट्टा लावला म्हणाले. आई तर माझ्याशी दिवाळीपर्यंत नीट बोलली नाही. तू सातपूरच्या कंपनीतून पाळी करून आला होतास, अंगावर ऑइलचा वास, आणि ताटावर बसता बसता म्हणालास, "काटा खोटा होता का? होता ना? मग संपलं." एवढंच बोललास आणि भाकरी मोडलीस. त्यानंतर आईनंही तो विषय काढला नाही. मी तुला कधी थँक्यू म्हटलं नाही. भावाला थँक्यू म्हणतात का कुठे? आता म्हणते.

तर, तू पीत होतास. हे मी लिहिणार, तुला राग येऊ दे. लोक म्हणतात "थोडी घ्यायचा". थोडी कसली, चांगली घ्यायचास. रात्रपाळी सुटली की कंपनीच्या गेटाबाहेर टोळकं जमायचं, त्यात तू, आणि विलास नाशिकला आला की तोही. निवृत्त झालास तरी टोळकं सुटलं नाही. पोट सुटलं, रंग उतरला, तेव्हा सुमननं रडून तुला लिव्हरच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी आधी बरगडीवर टकटक करणारं एक यंत्र लावून पाहिलं, पण तुझ्या पोटावरच्या चरबीतून त्याला धड काही कळेना. मग म्हणाले, एमआरआयमध्ये लिव्हरचा कडकपणा मोजता येतो, ते करू.

त्या दिवशी तू बाहेर आलास तो हसतच. मी आणि सुमन बाकावर देवाचं नाव घेत बसलेल्या, आणि हा हसतोय! "अक्का, बरगडीवर नाशिक ढोल बांधला गं माझ्या, आणि नाचू दिलं नाही." एक चपटी थाळी पोटाच्या उजव्या बाजूला पट्ट्यानं बांधतात, नळीतून हवेचे धक्के देतात, थाळी थरथरते, आणि ती थरथर लिव्हरमधून जाताना मशीन तिचं चित्र काढतं. लिव्हर मऊ असेल तर लाटा जवळजवळ, कडक असेल तर लांब लांब. हे मला मागाहून समजलं. तेव्हा तू फक्त ढोलाचं सांगितलंस आणि बाहेरच्या टपरीवर मिसळ मागवलीस.

आकडा आला साडेतीन. डॉक्टर म्हणाले, धडधाकट माणसाचा अडीचच्या आसपास असतो, तुमचं लिव्हर जून व्हायला लागलंय, पण वेळ गेलेली नाही. आजपासून थेंब नाही, तर सावरेल. तू मान डोलावलीस. माझा त्या मान डोलावण्यावर काडीचा विश्वास बसला नाही. म्हणून दुसऱ्याच सोमवारी तुला त्र्यंबकला घेऊन गेले, कुशावर्तात उभं केलं आणि म्हटलं, ओंजळीत पाणी घेऊन बोल. तू बोललास. "दारू शिवणार नाही. शिवली तर अक्कानं माझं तोंड बघू नये." मी म्हटलं, माझं नाव कशाला मध्ये? तू म्हणालास, "देव माफ करतो. तू करत नाहीस." आजूबाजूचे भाविक हसले. मला हसू आलं नाही, पण तू ते माझ्या नावानं बोललास ह्याचं मला फार बरं वाटलं होतं.

मग माझ्या धाडी सुरू झाल्या. न सांगता सातपूरला यायचं, स्कूटरची डिकी उघडायची, माळ्यावर बघायचं, गच्चीतल्या कुंड्यांच्या मागे बघायचं. सुमनला आधी राग यायचा, मग ती स्वतःच टॉर्च आणून द्यायला लागली. तू सोफ्यावर बसून पेपर वाचायचास. "साहेब आले का? बसा. छापा झाला की जेवूनच जा." आणि दारात आल्या आल्या तोंड उघडून "हा" करायचास, माझ्या नाकाशी. एकदा बडीशेप खाऊन आलास, तर मी तुला अर्धा तास उलटसुलट विचारलं. बडीशेप कशाला? काय लपवायचं होतं? त्यानंतर तू मुद्दाम कच्चा कांदा खाऊन यायला लागलास, वर "नामपूरचा आहे, काटा बरोबर होता" म्हणायचास. हसून हसून पुरेवाट व्हायची. पण हसत असतानाही मी वास घेतच होते.

मला काही सापडलं नाही कधी. हे मी लिहून ठेवते, तुझ्या बाजूनं. पण न सापडणं म्हणजे नसणं नव्हे, हे मला नोकरीनं शिकवलेलं. पट्टीचा बदमाश असेल त्याच्याकडे कधीच काही सापडत नाही.

आणि मग पुढच्या वर्षी तीच चाचणी पुन्हा केली. आकडा खाली यायला हवा होता. तो पावणेपाच आला.

मी तुला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही, तुला पाठ आहे. "आता तुझं तोंड बघू की नको, तूच सांग," हेसुद्धा म्हणाले. सुमन स्वयंपाकघरात ओट्याला धरून उभी होती. तू चिडला नाहीस, तेच मला खटकलं. निर्दोष माणूस चिडतो, असा माझा अनुभव. तू नुसता म्हणालास, "मी नाही प्यायलो अक्का. मशीन कडकपणा मोजतं. मी प्यायलो का नाही, ते मशीनला काय माहीत?" मी म्हटलं, मग कडक कशानं झालं, हवेनं? तू म्हणालास, "ते डॉक्टरला विचार. मला का विचारतेस?" आणि चहा टाक म्हणालास.

चार दिवस गेले असतील. सुमनचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलता बोलता म्हणाली, "आणि त्या दिवशी शेजारच्या कुलकर्ण्यांकडे सत्यनारायण होता ना, तिथून थेट टेस्टला गेलो, म्हणून धावपळ झाली." माझे कान उभे राहिले. सत्यनारायण होता म्हणजे प्रसाद होता. प्रसाद होता म्हणजे शिरा. मी रिक्षा केली आणि तडक सातपूर गाठलं.

"नंदू, टेस्टच्या आधी शिरा खाल्लास?"

"शिरा नाही. प्रसाद."

"किती?"

"प्रसाद किती असं विचारतात का कुणी? वाटीभर. मग काकूंनी आग्रह केला, मग परत थोडा."

"तुला उपाशी पोटी या म्हणून सांगितलं होतं ना? तिथल्या मुलीनं विचारलं ना, सकाळपासून काही खाल्लंय का?"

"विचारलं. मी नाही म्हटलं. खाल्लं कुठे होतं काही? अगं, प्रसाद म्हणजे काय खाणं असतं का? देवाचा असतो तो. नाही म्हणता येतं का?"

नंदू, मी कपाळाला हात लावला. सव्वाच्या मापातला, तुपात निथळणारा, केळं घातलेला शिरा दोन वाट्या चेपून हा माणूस मशीनमध्ये जाऊन झोपला आणि म्हणाला काही खाल्लं नाही. आणि त्याचं मन स्वच्छ! तुझ्या चेहऱ्यावर खोटेपणाचा मागमूस नव्हता. मी इतकी खोटी माणसं पाहिली, पण खोटं न बोलता खोटी माहिती देणारा तूच पहिला. आपल्याकडे अर्धं गाव तुझ्यासारखंच बोलेल, हेही खरं. उपासाच्या दिवशीसुद्धा प्रसाद हातावर पडला की तोंडात जातोच.

पण त्या दिवशी मला आनंद झाला होता. तुला सांगितलं नाही, आज सांगते. वाटलं, सुटला माझा भाऊ! काटा चुकला, माल बरोबर आहे.

दुसऱ्या दिवशी मी त्या सेंटरवर गेले. रिपोर्ट लिहिणाऱ्या डॉक्टरबाई तरुण होत्या, शांत. मी आधी ओळख दिली, निवृत्त असले तरी माझा आवाज अजून सरकारी आहे, मग शिऱ्याचं सांगितलं. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "मॅडम, मशीन भरवशाचं आहे. पण जेवण झालं की लिव्हरकडे रक्त जास्त येतं, मग तेवढ्यापुरता आकडा चढतो. श्वास नीट धरला नाही तरी गडबड होते. सूज असेल, रक्त तुंबलेलं असेल, काविळीसारखं काही असेल, तरी चढतो. म्हणून आकडा एकटा वाचायचा नसतो." एका दमात बोलल्या सगळं. मी शिरा शोधायला गेले होते, मला शिरा मिळाला. बाकीचं मी ऐकलं, पण घरी घेऊन आले नाही.

"मग परत मोजा," मी म्हटलं. त्या म्हणाल्या, "मोजू. पण एक सांगते, तोच माणूस, तेच मशीन, दोनदा मोजलं तरी आकडा थोडा इकडेतिकडे होतोच. थोडक्या फरकावरून लगेच काही ठरवू नका." हे मला कुणी सांगायला नको होतं. कायद्यानं काट्यालासुद्धा थोडी चूक माफ असते. ती माफी कुठे संपते आणि लबाडी कुठे सुरू होते, ह्यावरच तर माझं पोट भरत होतं.

तिसऱ्या वेळी मी स्वतः तुला घेऊन गेले. आदल्या रात्रीपासून तोंडाला कुलूप. वाटेत देऊळ लागलं तर रिक्षा थांबवू दिली नाही, कुणी हातावर काही ठेवलं तर? तू म्हणालास, "अक्का, पाणी तरी पिऊ का, की तेही देवाचं?" काचेपलीकडून मला तुझे पायच दिसत होते. आतून त्या मुलीचा आवाज यायचा. "काका, श्वास पूर्ण सोडा आणि धरा. काका, सुटला. परत एकदा. काका, जरा अजून." परत परत. तुला श्वास सोडून धरताच येत नव्हता. बाहेर आलास तेव्हा घामेजला होतास. मी त्या मुलीला विचारलं, श्वास नीट धरला नाही तर आकडा धरायचा का? ती म्हणाली, शेवटचे दोन चांगले आलेत, ते धरू.

आकडा आला सव्वाचार.

आता ह्याचं काय करायचं? शिऱ्याशिवायही सव्वाचार. पावणेपाचापेक्षा कमी, पण साडेतीनापेक्षा जास्त. पावणेपाच आणि सव्वाचार ह्यातला फरक शिऱ्याचा की नुसता मशीनचा, ते कुणी छातीठोक सांगेना. रक्ताचे रिपोर्ट धड इकडे ना तिकडे. लिव्हरचे डॉक्टर म्हणाले, सुई घालून तुकडा काढून बघू. तू सुईला घाबरलास. की सत्याला घाबरलास? बघ, आजही माझ्या हातून हे वाक्य लिहिलं गेलं. संशय घेतला, आणि तू परत आलास तर परत घेईन.

तेव्हाच तू गच्चीत मला म्हणालास, "अक्का, समज सगळी मशीनं बंद पडली. मग तू काय करशील?" मी म्हटलं, मग कशावरून समजायचं? तू म्हणालास, "मी सांगतो त्यावरून." मी म्हटलं, ते चालत नाही. तू माझ्याकडे बघितलंस आणि कुंडीतल्या मिरचीला पाणी घालायला लागलास. तो आपला शेवटचा धडाक्याचा वाद. मी जिना उतरून निघून गेले. तू वरून हाक मारून म्हणालास, "सावकाश, तिसऱ्या पायरीची फरशी हलते."

आणि मग पाय सुजले. पाय सुजले तर सगळे म्हणाले, लिव्हर. दम लागला तर सगळे म्हणाले, पोट वाढलंय, लिव्हर. गवळ्यापासून वॉचमनपर्यंत सगळ्यांना तुझं लिव्हर माहीत झालं होतं. मग त्या सकाळी तू बाथरूममधून बाहेर येईनास, तुला दवाखान्यात टाकलं, छातीची सोनोग्राफी झाली, आणि हृदयाचे डॉक्टर आम्हा दोघींना बाजूला घेऊन म्हणाले की ह्यांचं हृदय फारच कमी काम करतंय, बरेच महिने झाले असावेत. मी विचारलं, आणि लिव्हर? ते म्हणाले, "हृदय रक्त पुढे ढकलू शकलं नाही की ते मागे लिव्हरमध्ये तुंबतं. तुंबलेलं लिव्हरही मशीनवर कडकच लागतं."

तुंबलेलं. त्या डॉक्टरबाईंनी म्हटलंच होतं ना ते! आणि तो सुटणारा श्वास! आम्ही सगळे आकडा बरोबर यावा म्हणून तुझ्या श्वासामागे लागलो होतो. श्वास का धरता येत नाही, हे त्या मुलीनं विचारलं नाही, लिव्हरच्या डॉक्टरांनी विचारलं नाही, मी विचारलं नाही. आणि तू? तू एका शब्दानं बोलला नाहीस, मुलखाचा हट्टी. जिन्यावर दम लागत होता तुला, सुमन आता सांगते. तुला वाटलं असेल, सांगितलं तर अक्का म्हणेल बघ, दारू. म्हटलंही असतं मी. चीड येते नंदू, सगळ्यांची, तुझी सगळ्यात जास्त.

मी त्या डॉक्टरांना विचारलं, "म्हणजे दारू नव्हती? त्यानं सोडली होती?" सुमनचा हात माझ्या दंडावर घट्ट झाला. ते म्हणाले, "तसं नाही म्हणता येणार. जास्त दारूनं हृदयसुद्धा असं थकतं. आधीच्या वर्षांची असेल, नंतरचीही असेल. आता मागे जाऊन सांगणं कठीण आहे." मला त्या भल्या माणसाच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. सगळी मोठी मोठी मशीनं, आणि माझ्या एका प्रश्नाला उत्तर नाही.

शेवटच्या दुपारी सुमन जरा डबा खायला बाहेर गेली होती. तुझ्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क. मी जवळ बसले तर तू डोळे उघडलेस, मला बघितलंस, हातानं मास्क बाजूला सरकवलास आणि माझ्याकडे तोंड करून "हा" केलंस. आवाज नव्हता, नुसती हवा. नंदू, मी वास घेतला. मला लाज वाटली नाही. औषधाचा वास होता आणि प्लास्टिकचा. तू हसलास की ओठ नुसते हलले, कोण जाणे. मी मास्क जागेवर लावला आणि तुझे केस मागे सारले. बोलायचं खूप होतं. बोलले काय, तर "सुमनला म्हणावं, आज डब्यातली भाजी खारट होती." काय बावळट बाई मी. संध्याकाळी तू गेलास.

आता परवाचं सांगते, ते तुला कळायला हवं. तुझा ओंकार पुण्याहून आला होता, त्यानंच सगळं केलं, पोरगं एकदम मोठं दिसत होतं. पिंड ठेवला, सगळे मागे सरकले. कावळे होते, कठड्यावर रांगेनं. पण एक खाली उतरेना. मला त्यात काही नवल वाटलं नाही. रामकुंडावरचे कावळे ते, दिवसभर कुणा ना कुणाचे पिंड खाऊन तुडुंब. भरल्या पोटानं घेतलेली कुठलीच चाचणी मी आता मानत नाही. पण बाकीचे अस्वस्थ व्हायला लागले. कुणीतरी म्हणालं, त्याचं काहीतरी राहिलंय मनात. मग एकेक जण हात जोडून बोलायला लागला. सुमनला सांभाळू. ओंकारचं लग्न लावू. स्कूटर विकणार नाही. कावळे आपले बसलेले.

मग विलास पुढे आला. नामपूरहून पहाटेच निघून आला होता, डोळे सुजलेले, खरंच रडला होता बिचारा. माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "अक्का, त्याले काय आवडे ते तुले बी माहीत शे. जरासं ठेवू दे. लगेच उतरतीन कावळे." आणि सदऱ्याच्या खिशातून त्यानं क्वार्टर काढली.

घाटावर अशी बाटली ठेवतात लोक, मला माहीत आहे, त्यात वावगं कुणाला वाटत नाही. पण मी दुसराच हिशेब करत होते. विलासला हे आज कसं सुचलं? जुनी आठवण म्हणून, की अलीकडची? "आवडे" म्हणाला, ते कधीचं आवडणं? मी त्याच्या डोळ्यांत बघत होते, जशी व्यापाऱ्यांच्या बघायची तशी, आणि मला काही म्हणजे काही वाचता येईना. विचारलं असतं तर तो सांगणार होता. समोर उभा होता माणूस. नंदू, जन्मात मी अशी संधी सोडलेली नाही.

मागे सगळे बघत होते. जिन्यावर कुजबुजणारे सगळे तिथे होते. सुमन डोक्यावर पदर घेऊन उभी होती आणि तिची नजर त्या बाटलीवर होती. बाटली पिंडाशेजारी टेकली असती की झालं असतं. मग कुठल्या मशीनची गरज उरली नसती, नाशिक ते नामपूर सगळ्यांचा रिपोर्ट तयार झाला असता.

मी विलासचा हात धरला. म्हटलं, "ठेवायची नाही. त्यानं सोडली होती."

मोठ्यानं म्हटलं, सरकारी आवाजात. गुरुजीसुद्धा वळून बघायला लागले. विलास गोंधळला. कुत्सितपणे नाही, अगदी साधेपणानं त्यानं विचारलं, "अक्का, तुले खात्री शे का?"

मी म्हटलं, "हो."

त्यानं बाटली खिशात घातली. गुरुजींनी दर्भाचा कावळा केला आणि पिंडाला लावला. सुमननं पाण्यात उतरताना माझा हात धरला तो घरी येईपर्यंत सोडला नाही.

नंदू, मला खात्री नव्हती. आत्ता हे लिहितानाही नाही. विलासला मी अजून विचारलेलं नाही, आणि आता विचारणारही नाही. सगळ्यांच्या समोर हो म्हणून बसलेय मी तुझ्यासाठी. मला खोटं पाडू नकोस रे.